भट्टीचं पाणी आणि बायकोचे केस

केस वयानं जातात असं सगळे म्हणतात. निदान परटाच्या घरात तरी ते खोटं आहे. आमच्या घरात केस आमच्याच हातानं जायचे, रोज थोडे थोडे, आणि वर आम्हीच नवल करायचो की गेले कुठं.

बायको जाऊन आता वरीस झालं. घरात माणसं भरपूर आहेत, सुना आहेत, नातवंडं आहेत, पण मी जुनं काही बोलायला लागलो की त्यांना कामं आठवतात. मग लिहीत बसतो. शाळा दोनच यत्ता शिकलो, त्याही निजामाच्या राज्यात, उर्दूत. मराठी अक्षर पुढं दुकानांच्या पाट्या वाचत गोळा केलं. तेव्हा शुद्ध-अशुद्ध बघू नका. बायकोचे केस एकदा गेले होते आणि त्यापायी बायकोच जायची पाळी आली होती, ते सांगायचं आहे.

आमचं घर तामलवाडीला. एका अंगाला तुळजापूर, दुसऱ्या अंगाला सोलापूर. सोलापूर म्हणजे इंग्रजाचा मुलूख, आम्ही निजामाचे, आणि मधे हद्दीवर जकातीचा नाका. नाक्यावरच्या लोकांचे कपडे आमच्याकडं धुवायला यायचे. बाप मी लहान असतानाच वारला, त्यामुळं घाटाचा कारभार आईचा. एक गाढव होतं, ते माझ्या लग्नाच्या आदल्या साली मेलं. दुसरं काही आलं नाही. तवापासून ओढ्यावर जायचं गाठोडं आई डोक्यावरून न्यायची. सून घरात आल्यावर सुनेच्या डोक्यावर दुसरं गाठोडं आलं.

मी का नेत नव्हतो, असं आता नातसून विचारते. आमच्यात बाप्यानं डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, असा शिरस्ता. बाप्या खांद्यावर घेणार. आणि खांद्यावर इस्त्रीचे कपडे नेले तर घडी मोडते. म्हणून परीटघडी बाईच्या डोक्यावर. बाप्यानं पाण्यात उभं राहून दगडावर आपटायचं आणि घरी येताना हात हलवत यायचं. हे सगळं ज्यानं ठरवलं तो बाप्याच असणार.

लढाईचे दिवस होते, जर्मनची लढाई. साबण मिळेना, सोडा मिळेना, मग आमची जुनी खारी मातीच उरली. ओढ्याच्या काठी उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी पूड फुलून येते, ती खारी माती आम्ही खरवडून आणायचो, पाण्यात कालवायचो, वरची निवळी भट्टीत ओतायचो आणि त्याच्या वाफेवर कपडे शिजवायचो. मळ असा निघायचा की बघत राहावं. हात घातला तर बोटांची कातडी म्हाताऱ्याच्या बोटांसारखी व्हायची. भट्टी उतरली की तळाशी कडक गरम पाणी उरायचं. ते फुकट कशाला घालवायचं, म्हणून त्यात आई डोकं धुवायची. सून आल्यावर सूनही धुवायला लागली. केस हातात धरले की करकर वाजायचे. करकर वाजलं म्हणजे स्वच्छ, एवढीच आमची अक्कल.

बायको अणदूरची. तिचा बापही परीटच, पण बरा नांदता. दारात दोन गाढवं. तिकडं लेकी इस्त्रीवर बसायच्या, ओढ्यावर गडीमाणसं जायची. नवी आली तेव्हा ती डोकं धुतलं की केस मोकळे सोडून उन्हाला पाठ करून बसायची. वेणी घातली तर एका मुठीत मावत नसे. आईनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सूनबाई, केस वाळत घालून बसायला आपुन काय जहागीरदार हाय? पिळ, झटक, बांध, अन गाठोडं उचल."

पिळायचं कसं ते मी शिकवलं. हे कबूल करायला मला आजही थोडी लाज वाटते, पण कबूल करतो. ओढ्याच्या वळणावर एक मोठा खडक होता, त्याच्या आड आई दिसत नसे. तिथं बायको घागरीतनं नेलेल्या भट्टीच्या पाण्यानं डोकं धुवायची, केसाचं टोक माझ्या हातात द्यायची आणि मी चादर पिळावी तसा पीळ घालायचो. पाणी धार लावून पडायचं. ती हसायची, म्हणायची, "हळू, ही सतरंजी न्हाय." मी आणखी एक वेढा द्यायचो. नव्या लग्नाचे दिवस, दिवसभर आई समोर, बायकोच्या केसाला हात लावायला तेवढंच निमित्त. मग ती पंच्यानं फटाफट केस झटकायची, ओल्यातच बारीक दातांची फणी घालून गुंता ओढून काढायची, आणि ओलाच अंबाडा टाळूवर घेऊन सुताच्या दोरीनं करकचून बांधायची. अंबाडा टाळूवर का, तर त्यावर चुंबळ नीट बसते आणि चुंबळीवर गाठोडं हलत नाही. कपाळावरचे केस एवढे ताणले जायचे की भुवया वर चढायच्या. गावातल्या बाया म्हणायच्या, परटाची सून सदा नवल वाटल्यासारखी का बघते.

तिसऱ्या साली एकदा मी भिंतीच्या कोनाड्यात बिब्बा शोधत होतो. कपड्यावर घरोघरची खूण घालायला आम्हाला बिब्बा लागतो. हाताला मऊ लागलं. काढून बघतो तर केसांचा गोळा, चांगला वांग्याएवढा.

"हे काय गं?"

"केस हायती."

"कुणाचे?"

"तुमचे असतील," ती म्हणाली आणि फडक्यानं चूल पुसायला लागली.

मी तिचा पदर मागं सारला. भांग बघितला. एके काळची पायवाट, तिची बैलगाडीची वाट झाली होती. दोन्ही कानशिलांवर बोटभर जागा मोकळी. मी म्हणालो, "अगं, हे कधी झालं?"

"तुमी बघितलं न्हाय तवा."

मग ती खाली बसली आणि तिनं तिची खरी काळजी सांगितली. पंचमी तोंडावर आली होती. पंचमीला लेक माहेरी गेली की आई तिला न्हाऊ घालते, डोकं धुते, वेणी घालून झोक्यावर बसवते. "आई डोकं धुनार," ती म्हणाली. "आमच्या आळीत एका पोरीचे केस तिच्या सासूनं धरून उपटले व्हते. तवापासून माझ्या आईला कुनाचा बी भांग रुंद दिसला की तेच दिसतं. आन बा तर इचारत बी बसनार न्हाय. ठेवूनच घील मला."

"ठेवून कसा घील?"

"तुमी माझ्या बाला वळखत न्हाय."

मी ओळखत होतो. म्हणून तर घाबरलो.

उपाय तिनंच काढला. त्या गोळ्याचं गंगावन करायचं, म्हणजे गळालेल्या केसांची जोडवेणी, आणि ती वेणीत गुंफायची. धुवायचं काम माझ्याकडं आलं. मी परीट माणूस, मला प्रत्येक कापडाची रीत ठाऊक. केस म्हणजे रेशमाच्या जातीचे, त्यांना खार चालत नाही, असं मीच ठरवलं. आईच्या डब्यातले रिठे चोरले, कोमट पाण्यात फेस काढला, गोळा हलक्या हातानं सोडवला, पिळला नाही, झटकला नाही, सावलीत फडक्यावर पसरून वाळवला. बोटभर खोबरेल लावलं. काय चमक आली म्हणता. बायको म्हणाली, "डोक्यावर व्हते तवा असे कदी दिसले न्हाईत." मला अभिमान वाटला. गळालेल्या केसांची एवढी बडदास्त, आणि डोक्यावरच्यांना भट्टीचं पाणी. आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

पंचमीला तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. आठ दिवसांनी मी आणायला गेलो. अणदूरला खंडोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर माझी सासुरवाडी. दारात दोन्ही गाढवं रवंथ केल्यासारखी तोंडं हलवत उभी. एरवी जावई आला की खाटेवर वाकळ पसरायचे. त्या दिवशी खाट भिंतीला उभी केलेली होती. सासऱ्यानं गोणपाटाकडं बोट केलं. "बसा, जावईबापू."

सासूनं आतून काहीतरी आणून माझ्यापुढं जमिनीवर ठेवलं. गंगावन. पुढं कळलं ते असं, की न्हाणीत तिनं लेकीची वेणी सोडायला हात घातला आणि अर्धी वेणी तिच्या हातातच आली. तिनं असा ओरडा केला म्हणे, की शेजारच्या मुसलमान आळीतल्या बाया साप निघाला समजून काठ्या घेऊन आल्या.

"हे वळखता का?" सासूनं विचारलं.

मी येडा माणूस. मला वाटलं, धुतलंय कसं ते विचारतात. म्हणालो, "व्हय, म्याच धुतलंय."

"म्हंजे उपटून वर धुतलं बी?"

"उपटले न्हाईत कुनी."

दाराआडून बायकोचा आवाज आला. "आई, किती येळा सांगू, कुनी बी उपटले न्हाईत. आपोआप गेले."

सासू म्हणाली, "सासरी नांदनारी लेक असंच म्हनती. म्या बी माझ्या आईला असंच सांगत व्हते."

हे ऐकून सासऱ्यानं मान वळवून तिच्याकडं एकदा बघितलं. मग माझ्याकडं वळला. त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट. म्हणाला, "जावईबापू, माझ्या दारात वझं गाढव वाहतं. तुमच्या दारात माझी लेक वाहती, ते म्या ऐकून व्हतो, बोललो न्हाय. पर तिच्या डोक्याला कुनी हात लावला, हे म्या ऐकून घेनार न्हाय. केस आले की धाडतो. न्हाय आले तर ती हितंच बरी."

"मामा, पर—"

"दूध घ्या अन निघा. उनं चढत्यात."

दूध मी घेतलं नाही. बायको दारात आली नाही, येऊ दिली नसेल. तिथून तामलवाडी चांगलं दिवसभराचं अंतर. कुठं पायी, कुठं कुणाच्या गाडीत बसून आलो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात, की आता आईला सांगायचं कसं.

आई घड्या घालत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्या उपटले?"

"तसं त्यांना वाटतंय."

"तीन वरसं तिला म्या माझ्या ताटात घेऊन जेवते," ती म्हणाली, आणि पुढं रात्री निजेपर्यंत एक शब्द बोलली नाही. माझ्या आईला गप्प बसलेली बघणं हे भट्टी विझलेली बघण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं. आमच्या इथून एक वाणी मुरुमच्या बाजाराला गाडी घेऊन जायचा, त्याची वाट अणदूरवरून. आई जाऊन त्याच्या गाडीत बसली. मी मागं चढलो. वाणी बैलांशी कानडी बोलायचा आणि आमच्याशी मराठी. आई पदर दोन्ही हातांनी धरून बसली होती. एकदाच तिनं मला विचारलं, "तुजा सासरा दारात असंल का आत?"

"दारात. का?"

"बरंय."

अणदूरला पोचलो तर सासरा खरंच दारात, गाढवांना कडबा टाकत होता. सासू उंबऱ्यावर गहू निवडत. आईनं रामराम केला नाही, पाणी मागितलं नाही. सरळ अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इवाई, हिकडं बघा."

आणि तिनं डोक्यावरचा पदर खाली टाकला.

आता हे वाचणाऱ्याला काही वाटणार नाही. पण त्या काळी व्याह्यासमोर विहिणीनं डोकं उघडं करणं म्हणजे काय, ते विचारू नका. मीही आईचं डोकं कधी उघडं बघितलं नव्हतं. पोटचा पोरगा असून नव्हतं बघितलं. टाळूवर चांगली भाकरीएवढी जागा, चकचकीत, एक केस नाही. कडेनं पांढरी झालर, मागं सुपारीएवढा अंबाडा.

सासऱ्यानं झटक्यात तोंड गाढवांकडं फिरवलं.

"आता तोंड का फिरवता?" आई म्हणाली. "तुमच्या लेकीचे म्या उपटले म्हनता, तर माजे कुनी उपटले ते सांगा. माजी सासू तर माज्या लग्नाच्या आदीच मेलेली."

मग सासू गव्हाचं सूप बाजूला ठेवून उठली. हळूच जवळ आली. आईच्या टाळूवर तिनं दोन बोटं टेकवली, जणू पोळतंय की काय. "इहीनबाई, हे कशानं वो?"

"वझ्यानं. आमच्यात जात्यातच. काय इशेष न्हाय त्यात."

"आमी बी परीटच की. आमचे कुठं गेलेत? डोकं कशानं धुता?"

"भट्टीच्या पान्यानं."

सासरा गाढवाकडं तोंड ठेवूनच बोलला, "खाराच्या?"

"मग काय दुधाच्या?"

"इहीनबाई," सासरा म्हणाला, अजून पाठमोराच, "रेशमी लुगडं धुवाया आलं तर भट्टीत टाकता का?"

"टाकायला मला काय याड लागलंय?"

बोलली आणि थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं. मलाही तेव्हाच गंगावन आठवलं, आणि सावलीत पसरलेलं फडकं, आणि माझा मलाच राग आला. आई खाली बसली, पदर डोक्यावर घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "चाळीस वरसं झाली, कुनी सांगितलं न्हाय."

मग सासूनं चौकशीच लावली. पोलीस ठाण्याचा अमीनसाहेबही एवढी करत नसेल. बांधता कसं? ओलंच का? टाळूवर का? दोरी सुताची का लोकरीची? फणी ओल्यात घालता का वाळल्यावर? आई एकेक सांगत गेली आणि सासू प्रत्येकाला कपाळावर हात मारत गेली. शेवटी विचारलं, "आन वाळवता कसं?"

आई म्हणाली, "पिळून. सूनबाई तर लई झ्याक पिळती, थेंब ऱ्हात न्हाय."

दाराआड बांगड्या वाजल्या. सासू म्हणाली, "एकलीला एवढं पिळाया कसं येतं? केस काय सोताचे सोताला पिळता येत न्हाईत एवढे."

आईनं माझ्याकडं बघितलं. सासूनं बघितलं. सासराही वळला. मी बसलो होतो त्या गोणपाटाच्या कडेची सुतळी मोजायला लागलो.

"जावईबापू, तुमी पिळता?"

"...व्हय."

"कसं?"

"चादरीवानी."

आत बायकोला हसू आवरेना. पहिल्यांदा बारीक, मग मोठ्यानं. सासूनं तोंडाला पदर लावला. आई म्हणाली, "तरीच म्हनलं खडकामागं एवढा येळ का लागतो." सासरा हसला नाही, पण त्यानं भिंतीला उभी केलेली खाट आडवी केली आणि म्हणाला, "इहीनबाई, वर बसा."

जेवणं झाल्यावर बोलणी झाली. सासरा एक गाढव द्यायला तयार होता. आई म्हणाली, "लेकीच्या मागं गाढव बी धाडलं म्हनून पंचक्रोशीत सांगाल. नको."

"मग वझं कोन वाहनार? लेकीच्या डोक्यावर म्या आता चुंबळ बी बघनार न्हाय."

आईनं हनुवटीनं मला दाखवलं. "ह्यो."

"बाप्या मानूस डोक्यावर?"

"बाप्याला डोकं न्हाय का?"

सासऱ्यानं विचार केला. म्हणाला, "बरं. दिवाळीला म्या सोता येनार. डोक्यावर नवे केस दिसले तर लेक तुमची. न्हाय दिसले तर गाडीत बसवून घेऊन येनार, मग कुनी मधी पडायचं न्हाय." आई म्हणाली, "मंजूर." मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आम्ही घरी आलो. तवापासून ओढ्याचं ओलं गाठोडं आणि नाक्यावरच्या परीटघड्या माझ्या डोक्यावर. पहिल्या दिवशी वेशीतून गेलो तर पारावरची माणसं उठून उभी राहिली, वरातीला राहतात तशी. नाक्यावरचा एक जवान दख्खनी बोलायचा. तो म्हणाला, "क्या रे, तेरा गधा मर गया सुना था. ये कौन आया फिर?" मी म्हणालो, "उसका भाई." तो एवढा हसला की त्याची टोपी पडली. ती मला वाकून उचलता येईना, डोक्यावर त्याच्याच साहेबाच्या शेरवान्या होत्या.

घरात रिठे आले, शिकेकाई आली. बायको केस थंड पाण्यानं धुवायची, उन्हाला पाठ करून बसायची, वाळल्यावर मोठ्या दातांच्या फणीनं खालून वर गुंता सोडवायची, आणि सैल वेणी घालायची. भुवया जागेवर आल्या. आई तिला बघून रोज म्हणायची, "झाली जहागीरदारीण." पण स्वतःचं डोकं भट्टीच्याच पाण्यानं धुवायची. "मला काय आता दुसरं लगीन करायचंय?" एकदा बायकोनं तिला धरून बसवलं आणि रिठ्याच्या फेसानं तिचं डोकं धुतलं. टाळूवरून बोटं फिरवत होती तेव्हा म्हातारीनं डोळे मिटले होते. नंतर म्हणाली, "ह्यात स्वच्छ काय व्हतं, वाजत बी न्हाय." पण पुढच्या वेळी आपणहून येऊन बसली.

पिळायचं बंद झालं, तेवढं मात्र मला जड गेलं. खडकामागं आता जायला काही कारण उरलं नाही.

पण केस काही येईनात. भादवा गेला. फणीला केस यायचे कमी झाले, कोनाड्यात गोळा जमेना, पण कानशिलं तशीच मोकळी. घटस्थापना झाली. बायको रोज आरसा खिडकीपाशी नेऊन बघायची आणि परत पालथा ठेवायची. मग बघायची बंद झाली. एक दिवस इस्त्रीला निखारे भरताना म्हणाली, "न्हाय आले तर?"

"तर म्या बी येतो अणदूरला. तुझ्या बाची गाढवं राखीन."

"तुमाला गाढवं बी ठेवून घेनार न्हाईत." थोड्या वेळानं म्हणाली, "खरंच याल?"

"खरंच."

तिनं इस्त्रीचं झाकण लावलं. ती त्या दिवशी इस्त्री करताना काहीतरी गुणगुणत होती, आणि एका पायजम्याला डाग पडला, तो मी घडीच्या आत दडवला.

दसऱ्यानंतर तिच्या कपाळाच्या कडेला काहीतरी दिसायला लागलं. काटेकुटे उभे राहावेत तसे बोटाच्या पेराएवढे आखूड केस, तेल लावलं तरी बसेनात. आई डोळे बारीक करून म्हणाली, "आले." बायको म्हणाली, "आले कशाचे, जुने मोडलेले असतील." आणि खरंच, ते कुणाला कळेना. आम्ही तिघं कपड्यातले. सुती कोणतं, लोकरी कोणतं, हात लावून सांगू. केस नवा का तुटका, हे आमच्यातल्या एकालाही सांगता येईना.

दिवाळीला सासरा आला. संगं सासू. गाडीत लेकीसाठी वाकळ आणि उशी घालून आणलेली, म्हणजे न्यायच्या तयारीनंच. पाडव्याचा दिवस. ऊन चांगलं वर आल्यावर सासूनं लेकीला अंगणात पाटावर बसवलं आणि वेणी सोडली. सासरा पाठ फिरवून बसला. आई उंबऱ्यात. मी आपला भट्टीपाशी लाकडं नीट लावल्यासारखं करत होतो. तीच लाकडं तीनदा लावली.

सासूनं कानशिलावरचा एक आखूड केस चिमटीत धरला आणि उन्हाकडं केला. मग दुसरा. मग टाळूवरचा एक. बायकोची मान खाली. तिच्या पायाचा अंगठा पाटाच्या कडेला दाबून धरलेला मला दिसत होता.

"काय गं?" सासऱ्यानं विचारलं.

"दम धरा." तिनं आणखी दोन बघितले. मग म्हणाली, "तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं, दोरा तोडल्यासारखं. ह्यांचं टोक बघा, सुईवानी बारीक हाय. लहान पोराच्या जावळावानी. नवे हायती."

"सगळे?"

"सगळे कसे मोजू? हायती एवढं खरं."

आई उंबऱ्यात बसल्या बसल्या डोळे पुसायला लागली आणि धूर लागला म्हणाली. भट्टी तर पेटलीच नव्हती.

सासरा उठला आणि माझ्याकडं आला. म्हणाला, "जावईबापू, रुमाल काढा."

मी डोक्याचा रुमाल सोडला. त्यानं माझी मान खाली वाकवली, जनावर घेताना बघतात तसं टाळूवर अंगठा फिरवून बघितलं. चुंबळीच्या मापाची गोल जागा विरळ व्हायला लागली होती. मला स्वतःला ते तेव्हाच कळलं. बराच वेळ त्याचा अंगठा तिथंच होता. मग त्यानं रुमाल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सैल बांधत जावा."

दुपारी पुरणपोळी झाली. सासऱ्यानं तूप मागून घेतलं. वाटेतलं मुक्कामाचं गाव गाठायचं म्हणून दिवस कलायच्या आत गाडी जुंपली. त्यानं गाडीतली वाकळ आणि उशी काढून ओट्यावर ठेवली आणि पुढं जाऊन बसला. सासूनं लेकीला सांगितलं, "थंडीची पांघरा."

बायको वेशीपर्यंत त्यांना घालवायला गेली. मी मागं. गाडी अणदूरच्या वाटेला वळेपर्यंत ती उभी होती. वाऱ्यानं पदर मागं गेला, तो तिनं सावरला नाही. ते कपाळावरचे आखूड केस उन्हात उभे. परत येताना ती माझ्या पुढं चालत होती आणि म्हणत होती, की उद्या भट्टी लावायची आहे, नाक्यावरच्या साहेबाच्या चादरी राहिल्यात, तुमी लाकडं फोडा.

त्यानंतर साठ दिवाळ्या तिनं ह्याच घरात केल्या. पंचमीला माहेरी जायची, पण मी आणायला जायच्या आधीच भावाला घेऊन परत यायची. मागच्या साली गेली तेव्हा मात्र कुणी न्यायला आलं नव्हतं, आणि आणायला कुठं जायचं ते मला कुणी सांगत नाही.